तोंड मिटले की डाव अडला पाहिजे: प्राथमिक वर्गात बोलण्याचे खेळ कसे घ्यावेत

जिल्हा परिषदेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. मराठीची तासिका ४० मिनिटांची आहे आणि पटावर ३० मुले आहेत. यातला निम्मा वेळ शिक्षकांच्या बोलण्यात जातो असे धरले, तर उरलेली २० मिनिटे ३० जणांत वाटल्यावर एकेका मुलाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. प्रत्यक्षात तेवढेही येत नाहीत, कारण हात वर करणारी पाच-सहा मुले रोज तीच असतात आणि बाकीची त्यांच्यामागून सूर धरून ‘हो बाई’ एवढेच म्हणतात. परिपाठात सुविचार सांगितल्याने किंवा पाठ केलेले भाषण म्हटल्याने सभाधीटपणा येतो, हे मान्य करावे लागेल. परंतु पाठ केलेले म्हणताना मुलाला शब्द शोधावा लागत नाही, समोरच्याला कळले की नाही हे पाहावे लागत नाही आणि कळले नसेल तर तेच दुसऱ्या शब्दांत सांगावे लागत नाही. बोलणे शिकायचे म्हणजे याच तीन गोष्टी शिकायच्या असतात.

खेळातून हे साधते, पण कोणत्याही खेळातून साधत नाही. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ ऐकण्यासाठी उत्तम आहे, मात्र त्यात बोलतो तो एकटा राज्य असलेला भिडू. बाकीचे तोंड मिटून जिंकतात. शब्दपट्ट्या जुळवण्याचे आणि चित्र-शब्द जोड्या लावण्याचे कितीतरी खेळ ‘भाषिक खेळ’ या नावाखाली घेतले जातात आणि त्यांतही मुले मुकाट्याने पट्ट्या सरकवतात. म्हणून खेळ निवडताना मी एकच प्रश्न विचारते: मुलांनी तोंड मिटून ठेवले तर डाव अडतो का? अडत असेल तर तो बोलण्याचा खेळ आहे. आणि डाव अडण्यासाठी एका मुलाजवळ असे काही असावे लागते, जे दुसऱ्याला माहीत नाही आणि बोलल्याखेरीज कळणारही नाही. पुढचे सारे खेळ याच एका अटीवर उभे आहेत.

आधी आठवडाभर नुसते ऐकावे

खेळ सुरू करण्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात हजेरीतली नावे एका वहीत उतरवून घ्यावीत आणि मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत, हातपंपावर मुले काय बोलतात याकडे कान द्यावा. वर्गात ओठही न उघडणारी मुलगी मैदानावर लगोरीचे भांडण तावातावाने सोडवताना दिसते, तेव्हा तिला बोलता येत नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: मूल कोणाशी बोलते, कोणत्या भाषेत बोलते आणि सलग किती वेळ बोलते. एवढ्यावरून वर्गाचे तीन गट आपोआप पडतात. काही मुले आपणहून बोलतात, काही विचारल्यावर बोलतात आणि काही अजून बोलत नाहीत. तिसऱ्या गटाच्या नोंदीतला ‘अजून’ हा शब्द गाळू नये.

घरची भाषा ही या आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद होय. खानदेशात अहिराणी, सातपुड्यात पावरी, मेळघाटात कोरकू, पालघरच्या डोंगरपट्ट्यात वारली, गडचिरोलीत गोंडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी आणि शहरातल्या वस्तीत हिंदी बोलत आलेले मूल पहिलीत मराठीचा वर्ग गाठते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही मौखिक भाषाविकास हा पायाभूत साक्षरतेचा स्वतंत्र घटक मानलेला आहे. तेव्हा खेळाच्या पहिल्या काही दिवसांत मुलाने घरच्या भाषेत सांगितले तरी डाव ग्राह्य धरावा. जोडीदाराला समजले, डाव पुढे सरकला, एवढे त्या दिवसापुरते पुरे. मराठी शब्द नंतर येतो, आणि तो बहुधा जोडीदाराकडूनच येतो.

साहित्य

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांनी भर दिला. खेळाचे साहित्य निधीअभावी अडले आहे असे कोणी म्हणाले की मला बोर्डी आणि हे काम पुढे जिथे हलले ते कोसबाड आठवते. आपल्याला लागणाऱ्या वस्तू अशा: किलोभर चिंचोके, जाड कापडाची एक पिशवी, जुन्या दिनदर्शिकेवरील चित्रे, बाटल्यांची झाकणे, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि एक मोठा रुमाल. पुठ्ठ्याच्या खोक्याचा हातभर फासा करून ठेवला तर तो वर्षभर पुरतो. विकतचे रंगीत संच वाईट नसतात. पण ते हरवतील या धास्तीने कपाटात कुलूपबंद राहतात, असा माझा अनुभव आहे.

जोड्या आणि आवाज

बोलण्याचे खेळ शक्यतो जोडीत घ्यावेत. १५ मिनिटांचा खेळ जोडीत घेतला तर प्रत्येकाला सात मिनिटांच्या आसपास बोलायला मिळते. वरच्या ४० सेकंदांशी ताडून पाहावे. पहिल्या पंधरवड्यात मुलांना आवडत्या मित्रासोबत बसू द्यावे आणि त्यानंतर जोड्या बदलाव्यात. फार बोलक्या मुलाची जोडी अगदी अबोल मुलाशी लावू नये, कारण बोलके मूल दोघांच्या वाटचे बोलून मोकळे होते. मधल्या गटातले मूल अबोल मुलाला जास्त मानवते.

१५ जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या की वर्गात कल्ला होणारच आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहणारच. म्हणून पहिल्याच दिवशी तीन आवाज शिकवावेत: कुजबुजीचा आवाज, जोडीचा आवाज आणि मैदानाचा आवाज. जोडीचा आवाज म्हणजे पुढच्या बाकावर ऐकू जाणार नाही एवढा. हे सांगून भागत नाही. एकच वाक्य तिन्ही आवाजांत म्हणवून घ्यावे लागते आणि मुलांना त्यात गंमत वाटते. थांबण्याची खूण ठरवून घ्यावी. बाईंनी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने हात वर करून गप्प व्हायचे, ही खूण टाळ्यांपेक्षा बरी, कारण टाळ्यांनी गोंगाटात भरच पडते. तरीही ओरड झाली तर सरळ वडाखाली जावे.

नियम तोंडी समजावत बसू नये. दोन मुलांना पुढे घेऊन खेळाचा एक डाव सर्वांसमोर खेळून दाखवावा, मुद्दाम एक चूक करावी आणि ‘आता काय करायचे?’ असे वर्गाला विचारावे.

पहिली-दुसरीसाठी: पिशवीतली वस्तू

पिशवीत नऊ-दहा वस्तू घालाव्यात. मूल पिशवीत हात घालते, एक वस्तू चाचपते आणि तिचे नाव न घेता ती कशी लागते, कशासाठी वापरतात, घरात कुठे असते हे जोडीदाराला किंवा पाच जणांच्या गटाला सांगते. ऐकणाऱ्यांनी ओळखायचे असते आणि ओळखण्याआधी किमान दोन प्रश्न विचारायचे असतात. दोन प्रश्नांची अट घातली नाही तर पहिल्या शब्दालाच ‘चमचा!’ असा गिल्ला होतो आणि बोलणे खुंटते.

वस्तू निवडताना थोडे डोके चालवावे. किल्ली, बांगडी, चिंच या ‘ती’. चमचा, कंगवा, भोवरा हे ‘तो’. कुलूप, लिंबू, बटण ही ‘ते’. तिन्ही लिंगांच्या वस्तू मिसळून ठेवल्या की मराठीच्या लिंगव्यवस्थेचा सराव व्याकरणाचे नावही न काढता होतो. एकदा एका मुलाने सांगितले, “ती गार लागते. तिला दात आहेत.” समोरची मुलगी म्हणाली, “कंगवा!” तेवढ्यात गटातला तिसरा भिडू तिच्यावर उखडला, “अगं, तो ‘ती’ म्हणाला. कंगवा ‘तो’ असतो. किल्ली आहे!” असा धडा मी फळ्यावर तक्ता काढून कधी देऊ शकले नसते. ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत अशा मुलांना लिंग चुकले की डाव फसतो हे इथे कळते आणि पुढच्या वेळी ती स्वतःच सावध होतात.

सुरुवातीला वाक्य जुळवायला काही मुलांना आधार लागतो. फळ्यावर ‘हात लावला तर ... लागते’, ‘आमच्या घरी ती ... असते’, ‘तिने आपण ... करतो’ असे अर्धवट सांगाडे चित्रांसह लिहून ठेवावेत आणि दोन आठवड्यांनी एकेक पुसत जावेत.

दुसरी ते चौथीसाठी: पाठीला पाठ

एकच खेळ घेण्याइतका वेळ असेल तर हा घ्यावा. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात साधे चित्र असते, म्हणजे घर, झाड, विहीर, सूर्य, दोन कोंबड्या एवढेच. दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल असते. पहिल्याने सांगायचे, दुसऱ्याने काढायचे आणि वळून पाहायचे नाही.

हा खेळ तीन फेऱ्यांत घ्यावा आणि फेऱ्यांचा क्रम मोडू नये. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने एकही प्रश्न विचारायचा नाही. पाच मिनिटांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वर्ग हसून लोटपोट होतो, कारण सूर्य विहिरीत असतो आणि कोंबड्या छपरावर चढलेल्या असतात. दुसऱ्या फेरीत नवे चित्र द्यावे आणि काढणाऱ्याला हवे तेवढे प्रश्न विचारू द्यावेत. चित्रे आता पुष्कळ जुळतात. येथे थांबून मुलांना विचारावे, “या वेळी बरोबर का आले?” उत्तर मुलांकडूनच येते: विचारता आले म्हणून. आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारण्याचा मक्ता शिक्षकांकडे असतो. मुलाने प्रश्न विचारणे म्हणजे त्याला येत नसल्याची कबुली, असा समज पहिलीपासूनच पक्का होत जातो. या दोन फेऱ्यांमधला फरक तो समज बराच सैल करतो. तिसऱ्या फेरीत भूमिका बदलाव्यात.

एका दुपारी खिडकीजवळच्या जोडीचे संभाषण मी तसेच टिपून ठेवले होते.

“घर काढ.”
“काढलं. कुठं काढू?”
“काढलं म्हणतोस अन् कुठं काढू विचारतोस?”
“खोडतो. सांग.”
“मधी. आता झाड काढ घराच्या बाजूला.”
“कुठल्या बाजूला?”
“ह्या.”
“मला दिसतंय का तुझं ‘ह्या’?”
“तू ज्या हातानं जेवतो ना, त्या बाजूला.”

‘ह्या’पासून ‘ज्या हातानं जेवतो त्या बाजूला’ इथपर्यंतचा प्रवास म्हणजे बोलण्याचा विकास. बोट दाखवण्याची सोय काढून घेतल्याबरोबर मुलाला शब्द शोधावा लागला, आणि ‘उजवीकडे’ हा शब्द वेळेवर सापडला नाही तेव्हा त्याने वाट काढली. मी त्याला उजवी-डावी त्या क्षणी शिकवली नाही. तिसऱ्या फेरीआधी सगळ्या वर्गाला उजवीकडे, डावीकडे, मध्ये, शेजारी, वरच्या कोपऱ्यात हे शब्द हात फिरवून म्हणायला लावले; गरज भासून गेलेली असल्याने ते चटकन बसले.

चित्रे निवडताना पहिल्या महिन्यात पाचपेक्षा जास्त वस्तू नसाव्यात. चौथीला मात्र वर्गाचा नकाशा, रांगोळीची नक्षी किंवा शाळेपासून मंदिरापर्यंतचा रस्ता देता येतो. रस्ता देताना ‘आधी’, ‘मग’, ‘तिथून वळल्यावर’ असे शब्द लागतात आणि परिसर अभ्यासातल्या दिशा आपसूक उपयोगात येतात.

जुन्या खेळाला नवा नियम: मामाचे पत्र

‘मामाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं’ हा खेळ प्रत्येक मुलाला येतो, म्हणून तो शिकवण्यात वेळ जात नाही. मुले गोल करून बसतात आणि राज्य असलेला भिडू रुमाल घेऊन बाहेरून पळतो. यात बदल एवढाच की रुमालात एक घडी घातलेला कागद ठेवावा आणि त्यावर एखादे चित्र असावे: भरलेली बैलगाडी, पावसात भिजलेले कुत्र्याचे पिल्लू, कुलूप लावलेले घर. ज्याच्या मागे रुमाल पडतो आणि जो पकडला जातो, त्याने कागद उघडून मामाने काय लिहिले आहे ते वाचून दाखवायचे. कागदावर अक्षर एकही नसते, त्यामुळे वाचता न येणारे मूलही येथे मागे पडत नाही. गोलातल्या कोणीही तीन जणांनी मामाच्या पत्राबद्दल त्याला एकेक प्रश्न विचारायचा आणि मगच राज्य पुढे जायचे.

या खेळात कोणालाही बाद करू नये. बाद होणारे मूल बहुधा तेच असते ज्याला बोलण्याची सर्वांत जास्त गरज आहे, आणि ते कडेला बसून उरलेला तास नुसता पाहत राहते.

चिंचोक्यांची गोष्ट

सहा-सात जणांचा गट करून प्रत्येकाला पाच चिंचोके द्यावेत. शिक्षकांनी गोष्टीचे पहिले वाक्य सांगावे, उदाहरणार्थ ‘काल रात्री आमच्या पत्र्यावर काहीतरी धप्पकन पडले.’ पुढचे वाक्य ज्याला सांगायचे असेल त्याने मध्ये एक चिंचोका ठेवून सांगायचे. चिंचोके संपलेल्या भिडूने गटातल्या सर्वांचे संपेपर्यंत ऐकत राहायचे. आगाऊ बोलणारे मूल पहिल्या दोन मिनिटांत आपले पाचही चिंचोके उधळून बसते आणि नंतर गोष्ट आपल्याला नको तिकडे जाताना हात चोळत पाहते. दुसऱ्या दिवशी ते एकेक चिंचोका जपून वापरते. त्याला गप्प बसवण्याचे कष्ट शिक्षकांना पडत नाहीत.

मुलांच्या गोष्टीत ‘मग... मग... मग...’ अशी माळ असते. तिसरी-चौथीला चिंचोक्यांबरोबर शब्दांच्या चिठ्ठ्या द्याव्यात: ‘पण’, ‘तेवढ्यात’, ‘म्हणून’, ‘खरं तर’, ‘नाहीतर’. चिठ्ठीवरच्या शब्दानेच वाक्य सुरू करायचे. ‘पण’ हाती आलेल्या मुलाला गोष्ट उलटवावी लागते आणि ‘म्हणून’ आलेल्याला कारण जोडावे लागते. मुले चिठ्ठीसाठी भांडतात. ‘पण’ला सर्वांत जास्त मागणी असते.

तिसरी-चौथीसाठी: आठवडी बाजार

बाजार पुष्कळ शाळांत भरवला जातो, पण तो खरी भाजी आणून, पालकांना बोलावून वर्षातून एकदाच होतो आणि त्यात बोलतात ते मोठेच. वर्गातला बाजार महिन्यातून दोनदा, कागदी भाजीचा असावा. सहा विक्रेते आणि बाकीचे गिऱ्हाईक अशी वाटणी करावी. प्रत्येक विक्रेत्याला भावाची चिठ्ठी गुपचूप द्यावी, त्यात ‘सांगायचा भाव’ आणि ‘याखाली द्यायचे नाही’ असे दोन आकडे असावेत. गिऱ्हाइकाजवळ यादी आणि झाकणांचे ठरावीक पैसे असावेत, आणि ते पैसे यादीला थोडे अपुरे पडतील याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. पैसे पुरले तर घासाघीस होणार नाही आणि घासाघीस झाली नाही तर ‘हे द्या, हे घ्या’ यापलीकडे बोलणे जाणार नाही.

‘मावशी, मेथीची जुडी केवढ्याला?’, ‘काका, वाटा लहान दिसतोय’, ‘दोन घेतल्या तर काय लावाल?’ अशी वाक्ये येऊ लागतात. मोठ्यांशी बोलताना ‘तू’चे ‘तुम्ही’ होते, ‘दे’चे ‘द्या’ होते आणि क्रियापदही बदलते, हा बदल भूमिका घेतल्याखेरीज अंगवळणी पडत नाही. दोन-तीन डाव झाल्यावर अडचणीच्या चिठ्ठ्या वाटाव्यात: ‘काल घेतलेली वांगी किडकी निघाली’, ‘सुटे पैसे नाहीत’, ‘पिशवी विसरलात’. तक्रार करणे, माफी मागणे, समजूत घालणे ही बोलण्याची अवघड अंगे आहेत आणि पाठ्यपुस्तकातल्या संवादात ती क्वचित सापडतात. ज्यांचे आईवडील खरोखर बाजारात बसतात ती मुले या खेळात वर्गाला शिकवू लागतात. त्यांना आपण होऊन पहिल्या दिवशी विक्रेते करावे.

कोडी, भेंड्या आणि जीभवळणी यांना या लेखात फार जागा देत नाही. ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ म्हणताना ‘र’ आणि ‘ळ’ घोटले जातात आणि तास सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे जीभ सैल करायला ते चांगले आहे, मात्र त्यात कोणी कोणाला काही सांगत नाही.

चूक केव्हा सुधारावी

खेळ चालू असताना सुधारू नये. ‘पानी’ नव्हे ‘पाणी’, ‘व्हतं’ नव्हे ‘होतं’ असे मध्येच टोकले की मूल गोष्ट सोडून जिभेकडे पाहू लागते, आणि ‘व्हतं’ तर त्याच्या आजीच्या तोंडचे असते. त्यात चूक कसली? प्रमाण भाषा शिकवायची आहेच, पण ती भर म्हणून शिकवावी. अर्थाला धक्का लावणारी चूक असेल तर उत्तर देता देता योग्य रूप ऐकवावे. मूल म्हणाले, “बाबांनी बैल विकली,” तर आपण म्हणावे, “अरेरे, बैल विकला? कोणाला विकला?” मूल पुढच्या वाक्यात बहुधा ‘विकला’ म्हणते, न म्हटल्यास आणखी चार वेळा ऐकल्यावर म्हणेल. वारंवार आढळणाऱ्या दोन-तीन चुका वहीत टिपून ठेवून, कोणाचेही नाव न घेता, दुसऱ्या दिवशी त्यांवर पाच मिनिटे काम करावे.

खेळ संपल्यावर दोन मिनिटे मात्र राखून ठेवावीत. ‘जोडीदाराने सांगितलेली कोणती गोष्ट चटकन समजली?’ हा एकच प्रश्न पुरतो. त्यातून चांगल्या सांगण्याचा नमुना मुलांच्याच तोंडून पुढे येतो.

अजून न बोलणारे मूल

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. पहिलीतल्या एका अबोल मुलाची भीड मोडावी म्हणून मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि ‘नाव सांगितल्याशिवाय जागेवर जायचे नाही’ असे हसत हसत म्हटले. तो शर्टाचे टोक चावत उभा राहिला, मुले हसली, मीही वाट पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याचे पोट दुखत होते आणि तिसऱ्या दिवशीही. त्या खेळात डाव अडला होता हे खरे, पण तो एकट्या मुलावर अडवला होता, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यानंतर मी अशा मुलांसाठी पायऱ्या ठरवल्या. सुरुवातीला मुलाला न बोलता खेळात महत्त्वाचे काम द्यावे, जसे फासा टाकणे, चिंचोके वाटणे, पिशवी धरणे. पुढे सर्वांसोबत एका सुरात म्हणायचा भाग द्यावा. मग एकाच जिवलग मित्राच्या कानात सांगू द्यावे आणि मित्राने ते मोठ्याने सांगावे. त्यानंतर हातात जुन्या मोज्याची बाहुली द्यावी. मी नव्हे, बाहुली बोलते आहे, ही आड मुलांना फार उपयोगी पडते. पुढची पायरी जोडीची आणि त्यापुढची गटाची. एका पायरीवर मूल महिनाभर थांबले तरी ढकलू नये.

अडखळत बोलणाऱ्या मुलाचे वाक्य आपण पूर्ण करू नये आणि ‘सावकाश बोल’ असेही म्हणू नये. डोळ्यांत पाहत शांतपणे वाट पाहावी आणि जोडीदारालाही तेच शिकवावे. अशा मुलाला वेळ मोजून खेळायचे डाव देऊ नयेत. पाठीला पाठ या खेळात एखादे मूल सारखे ‘काय? काय?’ विचारत असेल, किंवा समोर तोंड दिसत असतानाच त्याला समजत असेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते तेव्हा ही नोंद तयार ठेवून त्यांना आवर्जून दाखवावी.

दोन शिक्षकांची शाळा

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे वाडीवस्तीवर एका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. बोलण्याच्या खेळांना ही परिस्थिती उलट सोयीची पडते. चौथीच्या मुलाची जोडी पहिलीच्या मुलाशी लावून पाठीला पाठ घेतले, की मोठ्याला लहानाला कळेल अशा शब्दांत सांगावे लागते, आणि हे काम समवयस्काला सांगण्यापेक्षा कठीण असते. आठवड्यातून तीन दिवस १५ मिनिटे एवढा वेळ ठरवून ठेवावा; एकच खेळ सलग दोन आठवडे चालवावा. रोज नवा खेळ आणला की मुलांचा वेळ नियम समजण्यातच जातो. तिसऱ्या-चौथ्या डावाला नियम विसरले जातात आणि बोलणे फुलते.

नोंदी

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम हे साधन आहे, पण वर्णनात्मक नोंदीत ‘छान बोलतो’, ‘बोलण्यात आत्मविश्वास आहे’ अशी छापील वाक्ये सगळ्यांना सारखीच चिकटवली जातात. त्यापेक्षा खेळ चालू असताना रोज फक्त चार मुलांकडे लक्ष द्यावे. आठवड्यातून तीन दिवस खेळ झाला तरी अडीच आठवड्यांत ३० मुले होतात. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात: सलग किती वाक्ये सांगतो, आपणहून प्रश्न विचारतो का, आणि समजले नाही तर शब्द बदलून सांगतो का. मग नोंद अशी होते: ‘चित्राचे वर्णन तीन वाक्यांत सलग करते. जोडीदाराने विचारल्यास शब्द बदलून सांगते. स्वतः प्रश्न विचारत नाही.’ पुढच्या महिन्यात तिला सतत काढणारीची भूमिका द्यायची, हे ही नोंदच सांगते. पालकांची संमती घेऊन जून, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये त्याच चित्रावर प्रत्येकाचे एक मिनिटाचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. ते मुलालाच ऐकवावे; दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करण्यासाठी पालकसभेत वाजवू नये.

घरी काय करावे

पालक विचारतात की आम्ही काय करू. त्यांना खेळाचे साहित्य देऊ नये, प्रश्न द्यावेत. ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी भाजी निवडताना किंवा शेंगा फोडताना ‘आज राज्य कोणावर आले?’, ‘चित्रात सूर्य कुठे गेला होता?’, ‘मामाने काय लिहिले होते?’ असे विचारावे, म्हणजे उत्तर एका शब्दात संपत नाही. त्यासाठी शुक्रवारी सुट्टी होताना त्या आठवड्याच्या खेळातला एक प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तो घरी जाऊन आईला शिकवावा. आईने तो विचारला की नाही, हे सोमवारी सकाळी मुलेच दारातून ओरडून सांगतात, मैदानाच्या आवाजात.